चांदण्यात रक्ताला रंग नसतो

१६९२ साली, स्वीडनच्या अमलाखालच्या लिवोनियात, म्हणजे आजच्या लॅटव्हियाच्या भागात, थीस नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्याने न्यायाधीशांपुढे शांतपणे सांगितलं की आपण लांडगा होतो. कुणी छळ करून वदवून घेतलेलं नव्हतं. आपण देवाचे कुत्रे आहोत, नरकात उतरून चेटक्यांनी पळवलेलं धान्य परत आणतो, असं त्याचं म्हणणं. वर्षातून तीनदा हे घडतं: नाताळाआधी सेंट लुसियाच्या रात्री, पेंटेकॉस्टला (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाला) आणि ऐन उन्हाळ्यात सेंट जॉनच्या रात्री. न्यायाधीशांना त्याचं काय करावं ते कळेना. शेवटी फटके आणि हद्दपारी झाली.

त्या जबानीत मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या तारखा. तिन्ही रात्री सणांच्या आहेत, पौर्णिमेच्या नाहीत. वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस, आणि पौर्णिमा यांची आज वाटते तितकी घट्ट गाठ सिनेमाच्या काळात बसली. तारीख आणि ठिकाण हाती असलं की त्या रात्री उजेड किती असेल याचा अंदाज बांधता येतो. आणि उजेड किती हे ठरल्याशिवाय कुणाला कोणता रंग दिसला याची चर्चा हवेतच राहते. वेअरवुल्फच्या नजरेबद्दल बोलताना लोक थेट ‘डोळे माणसाचे की लांडग्याचे?’ इथून सुरुवात करतात. माझ्या मते आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: उजेड किती होता, आणि डोळ्याला बदलायला वेळ किती मिळाला.

पण आधी दोन्ही टोकं नीट पाहून घेऊ.

माणसाच्या दृष्टिपटलात रंग टिपणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या. पहिलीतलं रंगद्रव्य ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश सर्वाधिक शोषतं, दुसरीतलं ५३०चा आणि तिसरीतलं ५६०चा. दुसरी आणि तिसरी यांच्यात अंतर जेमतेम ३० नॅनोमीटरचं. लाल आणि हिरव्यातला सगळा फरक एवढ्याशा अंतरावर उभा आहे. या दोघींची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात आणि त्यांची प्रथिनं सुमारे ९६ टक्के सारखी असतात, कारण मुळात ते एकच जनुक होतं. तीन-चार कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या पूर्वजात त्याची जादा प्रत निघाली आणि दोन्ही प्रती हळूहळू वेगळ्या झाल्या.

लांडग्याच्या वंशात ही जादा प्रत निघालीच नाही. १९८९मध्ये नाइट्झ, गाइस्ट आणि जेकब्स यांनी कुत्र्यांना शिकवून त्यांच्या रंगदृष्टीची चाचणी घेतली, तेव्हा दोनच प्रकारच्या शंकूपेशी निघाल्या: ४२९ आणि ५५५ नॅनोमीटर. पुढे कोल्ह्यांच्या डोळ्यांतले विद्युत संकेत मोजले तर तिथेही जवळपास हेच आकडे आले. कुत्रा म्हणजे लांडग्याचीच पाळीव शाखा, आणि कोल्हा हा दोघांचाही लांबचा भाऊबंद. दोन्हीकडे एकच गोष्ट आढळत असेल तर मधल्या लांडग्यात ती वेगळी असण्याचं कारण उरत नाही. आपल्या सोलापूर-नगरच्या माळरानांवरचा लांडगाही याच जातीचा, तेव्हा त्यालाही हेच लागू.

‘लांडग्याला सगळं काळंपांढरं दिसतं’ हे म्हणूनच चुकीचं आहे. त्याला निळा दिसतो, पिवळा दिसतो. ४८० नॅनोमीटरच्या जवळ, जिथे आपल्याला निळसर हिरवा दिसतो, तिथे त्याच्या दोन्ही पेशींचा कौल सारखा पडतो आणि रंग विरून करडा होतो. आपल्या रोजच्या रंगांत सांगायचं तर पोपटी त्याला फिकट पिवळा, शेंदरी गडद पिवळा, मोरपंखी जवळजवळ करडा. निळा आणि जांभळा यांत फरक नाही, दोन्ही निळेच. राणी रंग निळसर करड्याकडे झुकतो. आणि लाल? तो काळपट, शेवाळी-पिवळा, वाळलेल्या पानाच्या जवळचा.

लांडग्याला ‘पिवळं दिसतं’ हे कशावरून, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. त्याच्या पेशी काय वेगळं करू शकतात हे मोजता येतं, पण आतून ते कसं वाटतं हे तो सांगू शकत नाही. इथे उपयोगी पडते ती माणसांतली एक अतिशय दुर्मीळ अवस्था: एक डोळा सामान्य आणि दुसरा रंगांध. १९५८मध्ये ग्रॅहम आणि शिया यांनी अशा एका स्त्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिला रंगांध डोळ्याने एक रंग दाखवायचा आणि चांगल्या डोळ्याने त्याच्याशी जुळणारा रंग शोधायला सांगायचं. ५०२ नॅनोमीटरच्या आसपास तिला करडं दिसे. त्याहून लांब तरंगलांबीचं सगळं काही ५७०च्या पिवळ्याशी जुळे, आणि आखूड तरंगलांबीचं सगळं ४७०च्या निळ्याशी. रंगांध नजरेची चित्रं काढणारी आजची संगणकी सूत्रंही अशाच एका डोळ्याने रंगांध असलेल्या माणसांच्या साक्षीवर उभी आहेत. दोन्ही जगं पाहून आपल्या भाषेत सांगू शकणारा, एवढ्याच अर्थाने वेअरवुल्फ कुणाला म्हणायचं असेल तर ते या माणसांना.

रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन हाही लांडग्याच्या बराच जवळ होता. गुलाबी जिरेनियमचं फूल त्याला दिवसा आकाशी दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडं. १७९४मध्ये त्याने याबद्दल लिहिलं आणि कारण असं सुचवलं की आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा. १८४४मध्ये तो गेल्यावर त्याच्याच इच्छेनुसार डोळा उघडून पाहिला, तर द्रव स्वच्छ निघाला. डोळ्याचे अवशेष मात्र जपून ठेवले गेले, आणि १९९५मध्ये त्यातल्या डीएनएवरून कळलं की मधलं, ५३०चं रंगद्रव्य त्याच्याकडे नव्हतंच. उरलेली जोडी ४२० आणि ५६०ची; लांडग्याची ४२९ आणि ५५५. रंगांधळेपणाचे जे प्रकार आहेत त्यांत लांडग्याशी जुळतो तो नेमका हा.

आता उजेड.

उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर एक लाखाच्या घरात लक्स पडतात. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश गेला की तीन-साडेतीन लक्स उरतात. डोक्यावरच्या निरभ्र पौर्णिमेला मिळतात अवघे पाव लक्सच्या आसपास. एवढ्या उजेडात पांढऱ्या बर्फाची दीप्ती, म्हणजे त्याच्यावरून डोळ्याकडे परतणारा उजेड, प्रति चौरस मीटर ०.०६ कँडेलाच्या आसपास येते, आणि दहा टक्केच प्रकाश परतवणाऱ्या झाडाच्या सालीची ०.००८. शंकूपेशी साधारण ०.००१ ते ०.०१च्या दरम्यान हात टेकतात. म्हणजे पौर्णिमेला बर्फ त्यांच्या आवाक्यात असतो, पण जंगलातली बहुतेक प्रत्येक काळसर वस्तू आवाक्याबाहेर किंवा अगदी काठावर. तिथून पुढे कारभार अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींकडे जातो, आणि त्या एकाच प्रकारच्या असल्यामुळे रंग सांगू शकत नाहीत.

लुसियाची रात्र घेऊ. लिवोनियाच्या जुन्या पंचांगात ती वर्षातल्या सगळ्यात लांब रात्रींपैकी. त्याच रात्री पौर्णिमाही आली असं धरू. उत्तरेला ५७ अंशांवर हिवाळ्यातला पूर्ण चंद्र उंच चढतो आणि खाली बर्फ असतो. बर्फावर ताजं रक्त सांडलेलं आहे. रक्त मुख्यतः ६०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश परतवतं. दंडपेशींची संवेदना ५०० नॅनोमीटरच्या जवळ सर्वाधिक. ६२०ला ती त्या शिखराच्या एक टक्काही उरत नाही. दिवसा शंकूपेशींच्या जोरावर ६२०ला आपल्याकडे ३८ टक्के असते. म्हणून दिवसा लालभडक असणारी गोष्ट चांदण्यात काळी पडते आणि निळी फुलं उजळ वाटतात. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पहाटेच्या फुलांवर हे टिपलं होतं. चांदणं आपल्याला निळसर वाटतं तेही बरंचसं यामुळेच. प्रकाश म्हणून पाहिलं तर ते उन्हापेक्षा किंचित तांबूसच असतं.

म्हणजे त्या बर्फावर वेअरवुल्फ, अस्सल लांडगा आणि थरथरणारा गावकरी असे तिघे शेजारी उभे राहिले, तरी रक्त तिघांनाही काळंच. डाग मोठा असेल तर गावकऱ्याला मळकट तांबूसपणाची शंका येईल, कारण बर्फामुळे त्याच्या शंकूपेशी अजून थोड्या जाग्या आहेत. फरक पडेल तो रंगात नाही, किती दिसतं यात. लांडग्याच्या बाहुलीतून जास्त प्रकाश आत जातो, आणि एकदा निसटलेला प्रकाश त्याच्या डोळ्यात परतून पुन्हा पेशींवर येतो. झाडांखालचा जो भाग गावकऱ्याला नुसता अंधार वाटतो, तिथे लांडग्याला खोडं, फांद्या आणि हालचाल दिसते. वेअरवुल्फच्या नजरेतून रात्र दाखवताना पडद्यावर लाल छटा ओततात, ती या सगळ्याच्या नेमकी उलटी आहे. त्या उजेडात आणि त्या डोळ्यांत सर्वात आधी मरतो तो लाल.

सेंट जॉनच्या रात्री चित्र पार वेगळं. त्याच ५७ अंशांवर जूनच्या अखेरीस सूर्य क्षितिजाखाली फार खोल जात नाही; मध्यरात्रीही उत्तरेला केशरी पट्टा रेंगाळतो. अंधार असा पडतच नाही. रात्रीचे कितीतरी तास शंकूपेशींना पुरेल इतका उजेड असतो, आणि रंगातला खरा फरक तिथेच बाहेर पडतो. गावकऱ्याला क्षितिज केशरी, गवत हिरवं, शेकोट्या तांबड्या दिसतात. लांडग्याला ते सगळं एकाच पिवळ्याच्या उजळ-गडद छटांत दिसतं आणि वरचं आभाळ निळं. कोणत्या पात्राच्या नजरेतून रंगांची ताटातूट लिहायची असेल तर लेखकाने लुसियाची रात्र सोडून ही रात्र घ्यावी. तिन्हीसांजा किंवा पहाट. पौर्णिमेची मध्यरात्र त्यासाठी सगळ्यात वाया जाणारी वेळ आहे.

आता मला ज्याचं खरं आकर्षण आहे तो भाग. माणसाचा डोळा एका रात्रीत लांडग्याचा होईल कसा?

सोपं उत्तर असं दिसतं: ५३०च्या रंगद्रव्याचं जनुक बंद पडलं की झालं. पण डोळ्यातलं रंगद्रव्य दिवा विझावा तसं जात नाही. दंडपेशीच्या टोकाला सुमारे हजार चकत्यांची चळत असते. नव्या चकत्या तळाशी तयार होतात आणि जुन्या वरच्या टोकाला झडतात. रिचर्ड यंग यांनी १९६७मध्ये किरणोत्सारी अमिनो आम्लं देऊन ही चाल प्रत्यक्ष दाखवली: खुणेचा पट्टा रोज थोडा थोडा वर सरकत गेला. माकडाच्या डोळ्यात तळापासून टोकापर्यंत पोचायला ९ ते १३ दिवस लागतात. शंकूपेशींची रचना थोडी वेगळी. त्यांच्या चकत्यांचं आवरण सलग असतं, त्यामुळे नवं प्रथिन पट्ट्यासारखं न सरकता सगळीकडे मिसळतं, पण जुनं काढून टाकायला तिथेही दिवसच लागतात.

हिशेब करून पाहा. बदलाला दहा दिवस धरले आणि लांडगेपण दहा तास टिकलं, तर पहाटेपर्यंत रंगद्रव्यातला जेमतेम चार टक्के भाग बदलेल. एवढ्याने लाल-हिरव्यात काहीच जाणवणार नाही. जनुकाच्या वाटेने गेलो तर थीस पहाटेपर्यंत माणसाच्याच रंगांत पाहत राहील, अंगावर लांडग्याची कातडी असो वा नसो. दर पौर्णिमेला सलग तीन रात्री बदलणारा वेअरवुल्फ घेतला तर आणखी विचित्र प्रकार होतो: घट्ट व्हायला लागलेला बदल उलटा फिरायला लागतो, आणि तो साडेएकोणतीस दिवसांतले बरेच दिवस धड या डोळ्यांत नाही, धड त्या डोळ्यांत नाही असा काढतो.

जलद वाट दुसरी आहे आणि ती रंगद्रव्याला हातही लावत नाही. शेजारच्या शंकूपेशी गॅप जंक्शन नावाच्या अतिसूक्ष्म नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांतून विद्युत संकेत थोडासा झिरपतो. ५३० आणि ५६०वाल्या पेशी एकमेकींशी अशा जोडलेल्या असतात. ४२०वाली निळी पेशी मात्र जवळजवळ अलिप्त राहते. काही प्राण्यांत अशा जोडण्या वेळेनुसार सैल-घट्ट होतात. गोल्डफिशच्या दृष्टिपटलात दंडपेशी आणि शंकूपेशी यांच्यातली जोडणी दिवसा कमी आणि रात्री जास्त असते, आणि ते नियंत्रण डोपामीन हे संदेशवाहक रसायन करतं. मग वेअरवुल्फच्या डोळ्यात सूर्य मावळल्यावर एवढंच घडलं असं समजा: ५३० आणि ५६०वाल्या पेशींमधले सगळे नळ पूर्ण उघडले. दोघींचे संकेत एकमेकींत मिसळले. आता त्यांच्यातला फरक काढायला मेंदूकडे काही उरलंच नाही. लाल-हिरवा काही मिनिटांत गेला. निळी पेशी बाहेर राहिल्यामुळे निळा-पिवळा शाबूत.

हा अंदाज मला पटतो याचं कारण आकडे जुळतात. बऱ्याच माणसांत ५६०वाल्या पेशी ५३०वाल्यांच्या साधारण दुप्पट असतात. त्या प्रमाणात सरासरी काढली तर मिश्रणाचं शिखर ५५०ला येतं, लांडग्याचं ५५५ला. शिवाय कुत्र्याची नजर माणसाच्या साधारण पावपट तीक्ष्ण असते: आपल्याला २३ मीटरवरून ओळखू येणारी खूण त्याला सहा मीटरवर यावं लागतं तेव्हा कळते. पावपट तीक्ष्णता म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना चार-चार पेशी एकत्र मोजणं, एकूण सोळा. तितक्या पेशींचा गट जोडला गेला तर रंगही जातो आणि बारकावाही जातो, एकाच कारणाने. लांडग्याची दोन वैशिष्ट्यं एका किल्लीने उघडणारी ही वाट मला जनुकं बदलण्यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह वाटते.

याचा एक परिणाम कथा लिहिणाऱ्यांनी वापरण्याजोगा आहे. सामान्य नजरेच्या माणसांतही या दोन पेशींचं प्रमाण फार वेगवेगळं असतं, कुणात जवळजवळ समसमान तर कुणात सोळास एक. दिवसा त्याने काहीच बिघडत नाही, मेंदू सांभाळून घेतो. पण जोडणी झाली की समसमानवाल्याचं शिखर ५४५ला येईल आणि सोळास एकवाल्याचं ५५८ला. पहिल्याला लाल वस्तू दुसऱ्यापेक्षा जास्त काळपट दिसतील. टोळीतल्या दोन वेअरवुल्फांना एकच शेकोटी सारखी दिसणार नाही.

चमकणारे डोळे मात्र या वाटेने मिळत नाहीत. लांडग्याच्या दृष्टिपटलामागे, वरच्या अर्ध्या भागात, टॅपेटम नावाचा परावर्तक थर असतो. कुत्र्यात तो जस्ताने भरलेल्या पेशींच्या अनेक पदरांचा असतो. त्याच्यापुढच्या थरात मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य नसतं, नाहीतर प्रकाश तिथेच शोषला गेला असता. कुत्र्याच्या पिल्लात हा थर जन्मानंतर आकाराला येतो आणि त्याचा पक्का रंग यायला चारेक महिने लागतात. माणसात थर नाही आणि मेलॅनिन भरपूर. एका रात्रीत जस्ताचे पदर रचायचे आणि मेलॅनिन पुसायचं, हे वेअरवुल्फच्या सगळ्या शरीरातलं सर्वात अवघड काम आहे. हाडं लांबवण्याइतकंच.

इथे एक जुनी नोंद आठवते. १५८९मध्ये कोलोनजवळच्या बेडबुर्ग इथे पेटर श्टुंप याला वेअरवुल्फ ठरवून क्रूरपणे मारलं. पुढच्या वर्षी लंडनमध्ये छापलेल्या पत्रकात त्याचे लांडग्याचे डोळे रात्री जळत्या कोलितांसारखे चमकत असं म्हटलंय. टॅपेटमची चमक हिरवट-पिवळी असते. टॅपेटम नसलेल्या डोळ्यातून उजेड परतला तर तो मागच्या रक्तवाहिन्यांमुळे लाल येतो, फ्लॅशने काढलेल्या फोटोत येतो तसा. कोलिताची उपमा अतिशयोक्तीच असणार, पण रंगाच्या बाजूने पाहिलं तर ती लांडग्यापेक्षा माणसाच्या डोळ्याकडे जास्त झुकते.

चित्रकार, मुखपृष्ठ करणारे किंवा व्हिडिओ संपादक यांना ही नजर प्रत्यक्ष बनवायची असेल तर पद्धत अवघड नाही, फक्त क्रम चुकवू नये. फोटोत प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवी, निळी अशा तीन वाहिन्यांचे ० ते २५५मधले आकडे असतात. ते थेट वापरायचे नाहीत. ते पडद्यासाठी वाकवलेले असतात, म्हणून प्रत्येक आकडा २५५ने भागून आधी रेषीय, म्हणजे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात, करायचा (०.०४०४५पेक्षा मोठ्या मूल्यात ०.०५५ मिळवा, १.०५५ने भागा आणि २.४चा घात घ्या. त्याहून लहान मूल्य १२.९२ने भागा). मग लाल वाहिनीचा ०.२९ भाग आणि हिरवीचा ०.७१ भाग यांची बेरीज करून तीच किंमत लाल आणि हिरव्या अशा दोन्ही वाहिन्यांत टाकायची. निळी जवळपास तशीच ठेवायची. शेवटी उलट सूत्राने परत वाकवायचं. शुद्ध लाल यातून (१४७, १४७, ०) होऊन बाहेर पडतो, म्हणजे शेवाळी. शुद्ध हिरवा (२१९, २१९, ०)च्या आसपास, म्हणजे उजळ पिवळा.

रेषीय करायची पायरी गाळली तर शुद्ध लाल ७४वर येऊन अगदी काळपट होतो. ‘लांडग्याला लाल काळा दिसतो’ असं दाखवणारी चित्रं बरेचदा या एका चुकीतून आलेली असतात. लांडग्याचं रंगद्रव्य ५६०ऐवजी ५५५ला असल्याने लाल खरोखर किंचित जास्त गडद हवा, पण किंचितच. दुसरी नेहमीची चूक म्हणजे रंगांधळेपणाच्या यादीतला भलता प्रकार निवडणं. ५६०चं रंगद्रव्य नसलेला प्रकार घेतला तर लाल भलताच विझतो. आपल्याला डाल्टनचा प्रकार हवा. तिसरी चूक, रंग बदलून चित्र धारदारच ठेवणं. थोडं धूसर केल्याशिवाय ते लांडग्याचं होत नाही. आणि चांदण्यातलं दृश्य असेल तर हे सगळं बाजूला ठेवून रंग काढूनच टाकायचा, फक्त करडी छटा ठरवताना लाल वाहिनीला जवळजवळ शून्य वजन द्यायचं आणि हिरव्या-निळ्यावर भर द्यायचा. नेहमीचा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ पर्याय लालला बरंच वजन देतो, म्हणून त्यात रक्त करडं दिसतं. चांदण्यात ते काळं असतं.

दिवसाच्या बर्फाबद्दल एक शक्यता जोडावीशी वाटते. माणसाचं भिंग ४०० नॅनोमीटरखालचा अतिनील प्रकाश अडवतं. कुत्र्याचं भिंग जवळच्या अतिनीलातला साठ टक्क्यांच्या आसपास भाग आत सोडतं, हे २०१४मध्ये मोजलं गेलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग काढलेल्या काही माणसांना हा प्रकाश पांढुरका निळसर दिसतो. ताजा बर्फ अतिनील प्रकाश भरपूर परतवतो. मूत्र आणि केस तो शोषतात. भिंगासकट बदललेला वेअरवुल्फ हिवाळ्याच्या सकाळी पाहील तेव्हा बर्फ जास्त निळा आणि त्यावरच्या खुणा जास्त गडद दिसत असाव्यात. रात्री मात्र याचा उपयोग नाही, तेवढं अतिनील चांदण्यात नसतं.

मेंदूचं काय, हा प्रश्न उरतो. थीसच्या जबानीत लांडगा झाल्यावरही आठवण माणसाचीच आहे. तो सगळं सांगू शकतो. आठवणीला रंगात हात असतो. जर्मनीत गीसन इथे २००६मध्ये झालेल्या प्रयोगात लोकांना पडद्यावरचं केळं अगदी करडं करायला सांगितलं. ते करड्यावर न थांबता किंचित निळ्याकडे गेले, कारण खरोखर करडं केळंही त्यांना थोडं पिवळं भासत होतं. ज्या वस्तूचा आकार ओळखीचा आणि रंग पक्का ठाऊक, तिथे मेंदू आपल्याकडून थोडा रंग भरतो. वेअरवुल्फला चेरी, चर्चच्या खिडकीतली ओळखीची नक्षी, बायकोचा सणाचा रुमाल यांत लालची झाक वाटू शकेल. रक्ताच्या डागात ती वाटणार नाही. डागाला ठरावीक आकार नसतो.

शेवटची गोष्ट उलट दिशेची. काही कथांत लांडगाच माणूस होतो. नळ उघडून लाल-हिरवा घालवता येतो, पण नळ बंद करून तो मिळवता येत नाही, कारण लांडग्याकडे वेगळं करायला दोन रंगद्रव्यंच नाहीत. तिसरं नव्याने घडवावं लागेल. हे काम एकदा प्रत्यक्ष झालेलं आहे. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डाल्टन आणि सॅम नावाच्या दोन नर स्क्विरल माकडांच्या दृष्टिपटलात विषाणूच्या मदतीने माणसाचं ५६०वालं जनुक सोडलं. या जातीचे नर जन्मतः दोनच रंगद्रव्यांचे असतात. मोठ्या वयात, मेंदूची घडण पुरी झाल्यावरही त्यांना लाल-हिरवा ओळखता यायला लागला, नवा मेंदू लागला नाही. फक्त वेळ लागला, सुमारे वीस आठवडे. त्या हिशेबाने सेंट जॉनच्या रात्री माणूस झालेला लांडगा पिकल्या आणि कच्च्या चेरीतला फरक रंगावरून सांगू लागेल तो नोव्हेंबरात, चेरीचा हंगाम केव्हाच सरल्यावर.